सेल्फ मारला की नुसती कट-कट: बॅटरीचं टर्मिनल पुन्हा पुन्हा ढिलं होत असेल तर

आधी लक्षणं बघा. यातली दोन-तीन जुळली तरी बॉनेट उघडायला हरकत नाही.

- चावी फिरवली की एकच 'टक्' आवाज येतो किंवा 'कट-कट-कट' लागते. इंजिन फिरत नाही, पण चावी मागे घेतली की डॅशबोर्डचे दिवे पुन्हा लख्ख होतात.
- हॉर्न वाजतो, हेडलाइट लागतात, काचा खाली-वर होतात, फक्त सेल्फ घेत नाही.
- घड्याळ आपोआप बारावर गेलेलं असतं, ट्रिप मीटर शून्यावर येतो, रेडिओची स्टेशनं पुसली जातात.
- खड्ड्यात आपटल्यावर सगळे दिवे क्षणभर मिचकतात. कधी गाडी चालता चालता बंद पडते आणि लगेच सुरूही होते.
- बॉनेट जोरात आपटलं, बॅटरीची वायर हलवली किंवा टर्मिनलवर पान्याने ठोकलं, की गाडी एका झटक्यात चालू होते. हे झालं तर निदान जवळपास पक्कं समजा.
- वर्कशॉपमधून नवी बॅटरी टाकून आणली आणि महिन्याभरात पुन्हा तेच सुरू झालं.

शेवटचं लक्षण माझ्याकडे फार येतं. आमचं दुकान कोकणातल्या हायवेलगत आहे. गणपतीत मुंबई-ठाण्याहून गाड्या उतरतात, रात्रभर खड्डे आणि घाट खात येतात, घरी पोचून अंगणात उभ्या राहतात आणि दुसऱ्या दिवशी आरतीचं सामान आणायला काढल्या की टिकटिक. मालक येतो तो थेट "नवीन बॅटरी टाका" म्हणतच येतो. चार-पाच हजारांची वस्तू विकायला मलाही बरं वाटेल, पण त्यातल्या पुष्कळ गाड्यांचं दुखणं दहा नंबरच्या पान्याएवढंच असतं.

बॅटरी गेली की टर्मिनल सुटलं?

बॅटरी म्हातारी होत असेल तर ती सांगून जाते. आठ-पंधरा दिवस सेल्फ जड वाटतो, सकाळी इंजिन 'घुर्र... घुर्र...' करत फिरतं, मग एक दिवस फिरत नाही. ढिलं टर्मिनल मात्र लहरी असतं. सकाळी गाडी रुसते, दुपारी पहिल्या हाकेला सुरू होते, पेट्रोल पंपावर पुन्हा रुसते. दुखणं असं येऊन-जाऊन असलं की आधी जोड तपासायचे, बॅटरीकडे नंतर बघायचं.

दिवे लागतात मग सेल्फ का नाही, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फसुद्धा १०० ते २०० अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याहून जास्त. दोन्ही हेडलाइट मिळून १० अँपिअरच्या आसपास. आता टर्मिनल नीट चिकटलेलं नाही आणि तिथे फक्त ०.०२ ओहमचा अडथळा आहे असं धरा. १० अँपिअरला तिथे ०.२ व्होल्ट मरतात, दिव्याला ते कळतही नाही. तोच जोड १५० अँपिअरला ३ व्होल्ट खातो. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज तसाही दहा-अकरापर्यंत उतरतो, त्यातून तीन गेले की सेल्फच्या वाट्याला काय राहिलं? सोलेनॉइड, म्हणजे सेल्फचा चुंबकी स्विच, आत ओढला जातो, व्होल्टेज कोसळतो, तो सुटतो, व्होल्टेज परत चढतो, तो पुन्हा ओढला जातो. ती 'कट-कट' हीच.

एक गैरसमजही इथेच काढून टाकतो. "जंपर लावला तर लगेच सुरू झाली, म्हणजे बॅटरीच गेली" असं सर्रास म्हणतात. जंपर म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायची वायर. तिचा चिमटा आपण बहुतेक वेळा क्लॅम्पवर, म्हणजे बॅटरीच्या शिशाच्या खांबाभोवती आवळलेल्या वायरीच्या टोकावर लावतो. दुसऱ्या गाडीचा करंट मग तुमचा ढिला जोड वगळून सरळ वायरीत शिरतो, म्हणून गाडी सुरू होते. त्यावरून बॅटरीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

हात लावण्याआधी

गाडी बंद करा, चावी बाहेर काढा, हँडब्रेक ओढा. हातातली अंगठी, घड्याळ, कडं उतरवून ठेवा. प्लस आणि बॉडी यांच्यामध्ये धातू आला की तो लाल होईपर्यंत तापायला वेळ लागत नाही, मग ते सोनं असो की लोखंड. बॅटरीजवळ विडी-काडी नको, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. मोबाइलच्या उजेडात बघा, लायटरच्या नको. हे मुद्दाम लिहितोय, कारण रात्री लायटर पेटवून बॅटरीवर वाकलेली माणसं मी पाहिली आहेत.

पहिली तपासणी: हाताने पिळून बघा

खर्च शून्य. क्लॅम्प अंगठा आणि दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे पिळा. आधी मायनस, मग प्लसवरची लाल टोपी उचलून प्लस. क्लॅम्प जराही फिरता कामा नये. "थोडासा हलतो, पण चालतंय" असं काही नसतं.

हलत असेल तर नेमकं काय हलतंय ते डोळे जवळ नेऊन बघा, कारण इथे तीन वेगळी दुखणी एकसारखी दिसतात.

क्लॅम्प खांबावर फिरतोय आणि खांब स्थिर आहे, तर साधं काम आहे. घरी होईल.

क्लॅम्प घट्ट आहे, पण त्यातून निघणारी जाड वायर तिच्या मुळाशी हलतेय, तर तिथला दाबून बसवलेला जोड सुटलाय किंवा आतली तांब्याची तार कुजलीय. वायरीचं काळं आवरण तिथे फुगलेलं आणि बोटाने दाबलं तर कुरकुरीत लागतं. नट कितीही आवळला तरी उपयोग नाही, क्लॅम्प किंवा अख्खी वायर बदलावी लागते.

शिशाचा खांबच बॅटरीच्या झाकणात फिरतोय, तर लगेच हात काढा. आतला जोड तुटलाय. सेल्फ मारताना ठिणगी आतल्या गॅसमध्येच पडू शकते आणि बॅटरी फुटते, आतलं अ‍ॅसिड तोंडावर येतं. ही बॅटरी बदलायचीच, हलवून-बिलवून घरापर्यंत न्यायची नाही.

दुसरी: खाली दाबा, मग आवळा

बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. पक्कड वापरू नका, नटाचे कोपरे गोल होतात आणि पुढच्या वेळी पानाही धरत नाही.

बॅटरीचा खांब वर निमुळता आणि खाली जाड असतो. क्लॅम्प अर्धवट वर राहिला असेल तर आवळताना तो आणखी वर सरकतो, आवळल्यासारखा वाटतो आणि पहिल्या खड्ड्यात सुटतो. म्हणून नट ढिला करायचा, तळहाताने क्लॅम्प खाली बसवायचा, खांबाचं डोकं क्लॅम्पच्या वर किंचित दिसलं पाहिजे, आणि मग आवळायचं. हातोडीने ठोकून बसवायचा नाही. झाकणाला तडा जातो आणि खांबाच्या मुळाशी अ‍ॅसिड झिरपायला लागतं.

किती आवळायचं? छोटा पाना मनगटाने फिरेल तेवढं. शिसं मऊ असतं. पाइप घालून ताकद लावली तर क्लॅम्प ताणला जातो किंवा आटे जातात. मग पुन्हा बघा: पिळल्यावर फिरतंय? नाही ना? सेल्फ मारा.

रस्त्यात अडकलात तर काम इथे संपलं. घरी जा. पण पंधरा दिवसांनी हेच परत झालं तर पुन्हा पाना मारून गप्प बसू नका. नट आपोआप सुटत नाही, त्याला काहीतरी सोडवतंय. खालचं सगळं त्या 'काहीतरी'बद्दल आहे.

तिसरी: क्लॅम्पची फट

नट पूर्ण आवळल्यावर क्लॅम्पच्या दोन कानांमध्ये फट उरली पाहिजे. दोन्ही कान एकमेकांना टेकलेत आणि तरी क्लॅम्प फिरतोय, याचा अर्थ भोक खांबापेक्षा मोठं झालंय. आता आवळायला जागाच नाही.

असं दोन कारणांनी होतं. एक, वर्षानुवर्षं आवळून क्लॅम्प ताणला गेला. दुसरं, आणि हे जास्त आढळतं, बॅटरीच चुकीच्या खांबांची बसवलीय. बाजारात खांबांची दोन मापं चालतात. जपानी पद्धतीचा बारीक खांब प्लसला साधारण १४.७ मिलिमीटर आणि मायनसला १३ मिलिमीटर असतो. जाड खांब प्लसला १७.५ आणि मायनसला १५.९. दोन्ही मापांत प्लस मायनसपेक्षा जाडच, उलटसुलट जोडलं जाऊ नये म्हणून. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना ३८बी२०एल ही बारीक खांबांची बॅटरी लागते. एका मापाची शिल्लक नसली की कोणीतरी दुसरी "बसते हो" म्हणून बसवतो, आणि जाड खांबाचा क्लॅम्प बारीक खांबावर खुळखुळ्यासारखा वाजत राहतो. बी२४ मापात तर बाहेरून बॅटऱ्या सारख्याच दिसतात, फक्त नंबराच्या शेवटी 'एस' असतो. ४६बी२४एल बारीक खांबांची, ४६बी२४एलएस जाड. जुन्या बॅटरीवरचा नंबर फोटो काढून ठेवा आणि नवी घेताना शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा.

उपाय स्वस्त आहे. बारीक खांबावर घालायच्या शिशाच्या किंवा पितळी टोप्या बॅटरीवाल्याकडे वडापाव-चहाच्या पैशात मिळतात. टोपी घालायची, वर क्लॅम्प, मग आवळायचं. प्लसची आणि मायनसची टोपी वेगळी असते, जोडीच घ्या. क्लॅम्प ताणला गेला असेल तर मात्र टोपी घालत बसू नका, क्लॅम्प बदला.

टोपीऐवजी लोक काय काय घालतात त्याची यादी लांबलचक होईल: खिळा, स्क्रू, सिगारेटच्या पाकिटातली चांदी, कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा. गाडी सुरू होते, हे खरं. पण खिळा खांबाला एका रेघेवरच टेकतो, दीडशे अँपिअर त्या रेघेतून जातात, शिसं वितळून खांबाला खाच पडते आणि पुढे नवा क्लॅम्पही त्यावर बसत नाही. अ‍ॅल्युमिनियम तर अ‍ॅसिडच्या वाफेत थोड्या दिवसांत कुजतं. रात्री घाटात अडकलात तर घाला बापडे, सकाळी काढा.

चौथी: साफसफाई

क्लॅम्प घट्ट असून रडगाणं चालू असेल तर तो काढून आतून बघा. बाहेरून चकचकीत आणि आतून करडा-काळा थर, हे नेहमीचं आहे. पांढरी पूड साचली असेल तर ती शिशाचं सल्फेट, हिरवट-निळी असेल तर तांब्याचं. म्हणजे बागायतदार बोर्डो मिश्रणात टाकतात तो मोरचूदच, इथे अ‍ॅसिडने तुमच्या वायरीचं तांबं खाऊन तयार केलेला. दोन्ही पुडी करंट नीट जाऊ देत नाहीत. डोळ्यांत जाऊ देऊ नका, फुंकर तर मारूच नका.

काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. हा क्रम उगाच सांगत नाहीत. सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. मायनस लावलेला असताना प्लसचा नट फिरवलात आणि पान्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं, की सरळ शॉर्ट. मायनस आधी सुटलेला असेल तर पाना कुठेही टेकला तरी काही होत नाही.

एक ग्लास कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा. जुन्या टूथब्रशने खांब आणि क्लॅम्पवर लावा, फसफसेल. फेस थांबला की अ‍ॅसिड मेलं. साध्या पाण्याने धुवा, फडक्याने कोरडं करा. बॅटरीच्या झाकणांतून सोडा आत जाऊ द्यायचा नाही, आतलं अ‍ॅसिडच बाद होईल. मग पॉलिश पेपरने खांब बाहेरून आणि क्लॅम्प आतून चमकेपर्यंत घासा. कानस नको, खांब बारीक होतो. शिशाची धूळ विषारी असते, त्या हातांनी चहा-बिस्कीट खाऊ नका, आधी साबणाने धुवा.

जोडून, आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. आमच्या खाऱ्या हवेत याला पर्याय नाही. घाटावर कोरड्या हवेत कदाचित वर्षभर निभेल, किनाऱ्यावर एका पावसाळ्यात हिरवं होतं.

साफ केल्यावर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा पूड आली तर साफ करत राहू नका. एकतर खांबाच्या मुळाशी झाकण फाटलंय, नाहीतर अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो, जास्त चार्जिंग करतोय.

पाचवी: बॅटरी बांधलेली आहे का?

याकडे लोक बघतच नाहीत, आणि पुन्हा पुन्हा टर्मिनल सुटण्याचं माझ्या अनुभवातलं सर्वांत मोठं कारण हेच. बॅटरी दोन्ही हातांनी धरून हलवा. ती ट्रेमध्ये सरकली तर वरची पट्टी किंवा खालची पाचर ढिली आहे, किंवा गायबच आहे. बॅटरी बदलताना घाईत पट्टीचा एक बोल्ट कमी लावलेला असतो. मग प्रत्येक खड्ड्यात दहा-अकरा किलोचं धूड वायरीला लटकून झोके घेतं. वायर जागची हलत नाही, बॅटरी हलते, आणि त्या ओढाताणीत क्लॅम्प सुटतो. आतल्या प्लेटाही झडतात ते वेगळंच. रबराचा तुकडा खाली कोंबून भागवू नका, त्या गाडीची पट्टी आणि हुकाचे बोल्ट मिळतात.

सहावी: वायरीचं दुसरं टोक

मायनसची वायर पुढे बॉडीला आणि इंजिन किंवा गिअरबॉक्सला बोल्टने जोडलेली असते. बॅटरीकडचं टोक सगळे घासतात, तिकडचं कोणी बघत नाही. तिथे वायसरखाली गंज असला तर लक्षणं तंतोतंत ढिल्या टर्मिनलची. बोल्ट काढा, पत्रा आणि लग (वायरीच्या टोकाची कडी) दोन्ही चमकेपर्यंत घासा, आवळा, वर ग्रीस. हा बोल्ट सापडत नसेल किंवा खालून शिरावं लागत असेल तर ते काम गॅरेजवर सोडा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही.

प्लसच्या बाजूला बऱ्याच गाड्यांत क्लॅम्पवरच मोठ्या फ्यूजचा डबा बसवलेला असतो. त्याचे छोटे नट ढिले असले तरी हाच खेळ होतो. मायनस काढून ते हळूच तपासा. प्लॅस्टिक तडकलेलं किंवा वितळलेलं दिसलं तर तिथेच थांबा.

सातवी: मीटर असेल तर

तीन-चारशेचा मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक शिशाच्या खांबावर, दुसरं त्याच्याच क्लॅम्पवर. गाडी न्यूट्रलमध्ये, कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा शून्याजवळच राहिला पाहिजे. ०.२ च्या वर गेला तर तो जोड खराब, बाहेरून कितीही घट्ट दिसू दे. दोन्ही खांबांवर करा. मग मायनस खांब आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यात बघा. तिथे अर्धा व्होल्ट ओलांडला तर अर्थची, म्हणजे बॉडी-इंजिनला जाणारी मायनसची वायर दोषी.

सगळे जोड पास झाले की मगच बॅटरीकडे वळा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. भरलेली असूनही सेल्फ मारताना खांबांवरच ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी थकलीय, इथे मी बिल फाडतो. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो, तेव्हा एकाच आकड्यावरून अल्टरनेटरला दोष देऊ नका.

आणि चालू गाडीत टर्मिनल काढून "डायनॅमो चार्ज करतो का" बघायची जुनी पद्धत विसरा. बॅटरी मध्येच सुटली की अल्टरनेटरचा व्होल्टेज उसळतो आणि इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), मीटर, म्युझिक सिस्टीम, काहीही जाऊ शकतं. याच कारणामुळे चालताना मिचकणारं टर्मिनल "बघू नंतर" म्हणून सोडायचं नसतं, आणि जंपर काढण्याआधी आपलं टर्मिनल घट्ट आहे ना हे बघायचं असतं.

इथे थांबा, माणूस बोलवा

खांब झाकणात फिरतोय, बॅटरी फुगलीय, सडक्या अंड्यासारखा वास येतोय, अ‍ॅसिड गळतंय, वायरीचं आवरण वितळलंय किंवा सेल्फ मारल्यावर धूर दिसला: यातलं काहीही असेल तर सेल्फ पुन्हा मारू नका. अ‍ॅसिड डोळ्यांत गेलं तर वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा. चोळू नका.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत मायनस क्लॅम्पवरच सेन्सर असतो. तो स्क्रू ड्रायव्हरने उचकटला की तुटतो, आणि नवा स्वस्त नाही. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत नारिंगी वायरीच्या आसपास हातच घालू नका.

मायनस काढून पुन्हा लावल्यावर घड्याळ लावावं लागतं, काही गाड्यांत काचांचं 'ऑटो' बटण पुन्हा शिकवावं लागतं, स्टिअरिंगचा दिवा थोडं अंतर चालवून किंवा स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून जातो. जुन्या काही म्युझिक सिस्टीम कोड मागतात, तो आधी शोधून ठेवा.

इलेक्ट्रिशियनकडे गेलात तर "बॅटरी बघा" म्हणू नका. "सेल्फ मारताना टर्मिनलवर आणि अर्थवर ड्रॉप किती, म्हणजे किती व्होल्ट मरतात, ते मीटर लावून दाखवा" म्हणा. तो आकडा दाखवल्याशिवाय नव्या बॅटरीचे पैसे काढू नका.